पडद्यावर कोण नाही, ते आधी लिहा

लाखो माणसांच्या येण्याजाण्याचा डेटा मांडणाऱ्या प्रत्येक डॅशबोर्डवर पहिली चौकट एकच असावी: या चित्रात कोण नाही. एकूण फेऱ्या नंतर. सरासरी वेग नंतर. झगमगता नकाशा त्याच्याही नंतर. सध्या ही चौकट बहुतेक ठिकाणी नसतेच. असली तर तळाशी, बारीक अक्षरात, दोन-तीन टिचक्या मारल्यावर उघडणाऱ्या पानावर असते. आयुक्त त्या टिचक्या मारत नाहीत, पत्रकार मारत नाहीत, आपणही मारत नाही. निर्णय वरच्या मोठ्या आकड्यावर होतात.

ही चौकट का हवी, ते 2020 साली महाराष्ट्राच्या जमिनीवर दिसलं.

25 मार्चला कोरोनाच्या साथीमुळे देश बंद झाला. 3 एप्रिलला गुगलने 131 देशांचे हालचाल अहवाल प्रसिद्ध केले. जागांचे सहा प्रकार होते: दुकानं आणि करमणूक, किराणा आणि औषधं, बागा, प्रवासी स्थानकं, कामाच्या जागा आणि राहतं घर. प्रत्येक प्रकारापुढे एक टक्का, वाढला की घटला एवढं सांगणारा. तुलना होती 3 जानेवारी ते 6 फेब्रुवारी 2020 या पाच आठवड्यांशी. सोमवारची सोमवारशी, मंगळवारची मंगळवारशी, त्या त्या वारच्या मध्यकाशी. वर्तमानपत्रांनी हे आकडे छापले, वाहिन्यांनी रंगवून दाखवले. टाळेबंदी पाळली जातेय की नाही, याचा पुरावा म्हणून ते जगभर वापरले गेले.

आणि 8 मे 2020च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यातल्या करमाडजवळ मालगाडीखाली सोळा मजूर मेले. मध्य प्रदेशातली माणसं. जालन्यात कामाला होती, काम बंद झालं, गावाकडची गाडी मिळेल या आशेने रुळाच्या कडेने चालत निघाली. चालून चालून दमली. गाड्या बंद आहेत अशा समजुतीने रुळांवरच झोपली.

त्या सहा प्रकारांपैकी ही माणसं कुठल्या प्रकारात होती? कामाच्या जागेवर नव्हती, म्हणून तिथला आकडा घटला. स्थानकात नव्हती, तोही घटला. किराणा दुकानात नव्हती, बागेत नव्हती, घरी तर नव्हतीच. दोन स्थानकांच्या मधल्या रुळावर चालणाऱ्या माणसासाठी त्या अहवालात खानाच नव्हता. शिवाय मोजणी फक्त त्यांची, ज्यांनी आपल्या फोनमध्ये ठिकाणांची नोंद स्वतः सुरू ठेवली होती. दिवसभर चालून ज्याच्या फोनची बॅटरी संपली, तो कोणाच्याच मोजणीत आला नाही.

गुगलने यातली कुठलीही मर्यादा लपवली नव्हती. तुलनेचा काळ दिलेला होता, नोंद कोणाची तेही सांगितलेलं होतं, एका प्रदेशाची दुसऱ्याशी तुलना करू नका असंही बजावलेलं होतं. सगळं लिहिलेलं होतं आणि काहीही पोहोचलं नाही, कारण टक्का होता ठळक अक्षरात आणि इशारा होता वेगळ्या पानावर. पोहोचणारा तेवढाच भाग म्हणजे डॅशबोर्ड. बाकीचं सगळं कागदपत्र.

त्या सप्टेंबरमध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने संसदेत सांगितलं की एक कोटीहून अधिक स्थलांतरित कामगार आपापल्या राज्यांत परतले. टाळेबंदीत वाटेत किती मेले, याची नोंद मात्र नसल्याचंही सांगितलं. एक कोटी माणसं चालत, ट्रकमधून, श्रमिक गाड्यांमधून देश ओलांडत होती आणि देशाच्या हालचालीच्या चित्रात त्यांची रेघ नव्हती. हालचाल मोजण्याचं यापेक्षा मोठं अपयश मला माहीत नाही.

‘राहतं घर’ या प्रकाराबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण त्या काळात सर्वांत जास्त फसगत तिथे झाली. बाकीच्या पाच प्रकारांत माणसांची गर्दी मोजलेली होती. घराच्या बाबतीत मोजला होता तिथे घालवलेला वेळ. पाचही प्रकार उणे साठ, उणे सत्तरपर्यंत जात असताना घर मात्र अधिक वीस-तीसवर थांबलेलं पाहून लोक चिडले, की माणसं घरात बसतच नाहीत. साधं गणित करा. माणूस एरवीही दिवसातले सोळा तास घरी असेल, तर चोवीस तास घरात कोंडूनही वाढ पन्नास टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. एकाच ओळीत, एकाच आकाराच्या सहा चौकटी मांडल्या की वाचणारा त्यांची तुलना करणारच. त्याचा दोष नाही. वेगळ्या मापाची गोष्ट वेगळ्या जागी, वेगळ्या आकारात ठेवणं ही आखणी करणाऱ्याची जबाबदारी आहे.

आता हेच काम नीट कसं होतं ते पाहा. 12 जानेवारी 2010ला हैतीमध्ये भूकंप झाला, राजधानी पोर्ट-औ-प्रिन्स कोसळली. संशोधक लिनस बेंगटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिजिसेल या मोबाइल कंपनीच्या सुमारे 19 लाख सिमकार्डांची हालचाल तपासली. प्रश्न नेमका होता: राजधानी सोडून किती माणसं गेली आणि ती आत्ता कुठे आहेत. उत्तर निघालं, भूकंपानंतरच्या तीन आठवड्यांत अंदाजे 6 लाख 30 हजार माणसं बाहेर पडली, आणि कुठल्या प्रांतात किती गेली याची वाटणीही मिळाली. मागाहून घरोघर जाऊन झालेल्या पाहणीशी ती वाटणी चांगली जुळली. त्याच वर्षी कॉलरा पसरला, तेव्हा साथीच्या भागातून लोक कुठे जातायत याचे अहवाल मदत करणाऱ्यांना काही तासांत मिळाले. तंबू कुठे न्यायचे, क्षार-साखरेची पाकिटं कुठे पाठवायची, हे त्यावरून ठरवता येत होतं.

हैतीत आधी प्रश्न होता, मग डेटा, मग चित्र. आपल्याकडच्या बहुतेक प्रकल्पांत आधी पडदा विकत घेतात. मग त्यावर काय दाखवायचं ते शोधतात. करमाडच्या मजुरांसाठीही हैतीचाच प्रश्न हवा होता: माणसं कुठल्या रस्त्याने निघालीत आणि पुढचं पाणी त्यांच्यापासून किती किलोमीटरवर आहे.

पडद्यावर काय दाखवायचं हे ठरलेलं नसलं की काळी पार्श्वभूमी येते आणि तिच्यावर नारिंगी कमानी येतात. हे चित्र तुम्ही पाहिलेलं आहे. एका जागेहून दुसऱ्या जागेकडे झेपावणाऱ्या हजारो चमकत्या रेषा, खाली संथ संगीत, बाजूला फिरणारा आकडा. उबरने 2018मध्ये केप्लर हे साधन सर्वांसाठी खुलं केलं आणि असं चित्र दहा मिनिटांत काढता येऊ लागलं. साधन उत्तम आहे. लाखो नोंदी ब्राउझरमध्ये पेलणं सोपं काम नाही, ते ज्यांनी केलं त्यांचं मला कौतुक आहे. पण दहा लाख रेषा एकमेकींवर काढल्या की पुणे, नागपूर आणि साओ पावलो सारखेच दिसतात: मधे उजेड, कडेला अंधार. जिथे माणसं जास्त राहतात तिथे फेऱ्या जास्त, एवढंच ते चित्र सांगतं, आणि ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. लोकसंख्येने भागल्याशिवाय, सकाळ आणि रात्र वेगळी केल्याशिवाय, बारीक रेषा गाळल्याशिवाय त्या उजेडातून एकही निर्णय निघत नाही. बैठकीत टाळ्या निघतात. एवढ्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च होऊ नये.

त्याच उबरची एच-थ्री नावाची षटकोनांची जाळी आहे. सगळी पृथ्वी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनांत वाटायची आणि प्रत्येक खान्यात किती फेऱ्या सुरू झाल्या ते मोजायचं. आठव्या पातळीवर एक षटकोन सरासरी पाऊण चौरस किलोमीटरचा असतो, नवव्या पातळीवर त्याचा सातवा हिस्सा. पातळी बदलली की नकाशाचं म्हणणं बदलतं. मुंबईत याची किंमत फार मोठी आहे. कुर्ला किंवा ठाणे स्थानकावर टाकलेला मोठा षटकोन पूर्व आणि पश्चिम दोन्ही बाजू एकाच खान्यात घेतो. नकाशावर एक ठिपका. प्रत्यक्षात मधे रुळांची रुंद पट्टी, एखादा पादचारी पूल, त्यावर चेंगरणारी माणसं. 29 सप्टेंबर 2017ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अशाच एका पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं मेली. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणं हाच ज्या शहरात रोजचा प्रवास आहे, तिथे तो प्रवास षटकोनाच्या पोटात गडप करणारा नकाशा कामाचा नाही. स्थानिक माणूस सोबत बसवून खाने आखले पाहिजेत. रूळ, नाला, महामार्ग, टेकडी जिथे आडवी येते तिथे खाना तुटला पाहिजे.

बसबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण महापालिकांच्या डॅशबोर्डवर बस हटकून असते आणि हटकून चुकीची मोजलेली असते.

एका मार्गावर ताशी सहा बस ठरलेल्या आहेत, दर दहा मिनिटांनी एक. वेळेचं भान न ठेवता थांब्यावर येणाऱ्या माणसाला सरासरी पाच मिनिटं थांबावं लागेल. आता त्याच सहा बस दोन-दोनच्या जोडीने आल्या. दोन जोड्यांमधलं अंतर वीस मिनिटं, सरासरी थांबणं दहा मिनिटं. तीन-तीनच्या टोळीने आल्या तर अंतर तीस मिनिटं आणि थांबणं पंधरा. तिन्ही वेळा डॅशबोर्ड एकच सांगतो: ठरलेल्या फेऱ्या सहा, झालेल्या फेऱ्या सहा, शंभर टक्के, हिरवा रंग. थांब्यावरच्या बाईचा वेळ तिप्पट झाला, पडद्यावर काहीच हललं नाही.

बस जोडीने का येतात, हेही चालकाच्या माथी मारू नये. एका बसला थोडा उशीर झाला की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं जमलेली असतात. ती चढेपर्यंत आणखी उशीर. मागच्या बसला थांबे रिकामे मिळतात, ती वेगाने येऊन हिला गाठते. मार्ग लांब असेल आणि मधे कोणी बस रोखून अंतर सारखं करत नसेल, तर हे होणारच. लंडनमध्ये दाट फेऱ्यांच्या मार्गांवर बस वेळापत्रकाप्रमाणे आली का हे पाहत नाहीत. प्रवाशाला ठरल्यापेक्षा किती मिनिटं जास्त थांबावं लागलं ते मोजतात आणि बस चालवणाऱ्या कंपन्यांचा हिशेब त्यावर होतो. मोजमाप थांब्यावरून सुरू होतं. आपल्याकडेही बसमध्ये जीपीएस आहे, बेस्टची बस मोबाइलवर सरकताना दिसते. म्हणजे दोन बसमधलं अंतर काढायला लागणारी प्रत्येक नोंद हातात आहे. फक्त ती वजाबाकी कोणीतरी पडद्यावर आणायची आहे.

ती कशी दाखवायची याचं उत्तर दीडशेहून अधिक वर्षं जुनं आहे आणि आपल्या रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसांत रोज वापरलं गेलं आहे. आडवी वेळ, उभी स्थानकं, प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ. फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांच्या पुस्तकामुळे हा आलेख जगाला माहीत झाला. आपल्याकडे सेक्शन कंट्रोलर तो वर्षानुवर्षं पेन्सिलीने ओढत आले. दोन रेघा जवळ आल्या की गाड्या जवळ आल्या, मधे पांढरी जागा पडली की कोणीतरी थांबलंय. एका मार्गाच्या बससाठी हा आलेख काढा. डेपोतल्या कंट्रोलरला तो समजावून सांगावा लागणार नाही. कुठली बस दोन मिनिटं रोखायची ते तो बघताक्षणी सांगेल. फिरत्या नकाशावर सरकणारे बसचे ठिपके हे काम करू शकत नाहीत, कारण ठिपक्याला मागची दहा मिनिटं आठवत नाहीत.

थांब्यावरून पुढे जायचं तर आणखी अवघड माणूस भेटतो: ज्याला चढताच आलं नाही तो. तिकीट निघालं तेव्हा माणूस डेटात जन्मतो. त्याआधी त्याने तीन भरलेल्या बस सोडल्या, चौथीला हात केला, ती थांबली नाही, शेवटी शेअर रिक्षाने गेला. तो त्या मार्गाच्या मागणीत धरला जात नाही. मग ‘मागणी कमी’ म्हणून फेरी बंद होते. फेरी बंद झाली की मागणी आणखी घटते. डेटावर चालणारा कारभार म्हणजे हाच असेल, तर तो प्रवाशांना हुसकावण्याचा कारभार आहे.

मुंबईची लोकल या रोगाचं सर्वांत मोठं उदाहरण. रोज सुमारे 75 लाख प्रवास होतात. गाडी वेळेवर सुटली, वेळेवर पोहोचली, एवढं रेल्वेच्या पडद्यावर कळतं. डोंबिवलीच्या किंवा दिव्याच्या फलाटावर सकाळी किती जणांना गाडी सोडावी लागली, किती जण दारात लटकून गेले, हे त्यात नाही. उपनगरी मार्गावर बहुतेक वर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरत आली आहेत. रूळ ओलांडताना सर्वाधिक, त्याखालोखाल गाडीतून पडून. 9 जून 2025ला मुंब्र्याच्या वळणावर दारात उभे असलेले प्रवासी खाली पडले, त्यातले काही मेले. वक्तशीरपणाचा आलेख आणि मृत्यूंचा आलेख एकाच पडद्यावर, एकाच स्थानकाच्या नावाखाली, शेजारी-शेजारी ठेवा. रेल्वेकडे दोन्ही नोंदी आहेत. आज त्या दोन वेगळ्या खात्यांच्या दोन वेगळ्या फायलींत आहेत, आणि त्या तशाच राहिल्या तर डबे वाढवण्याचा निर्णय दर वेळी पुढे ढकलता येतो.

रस्त्यांचं चित्र तर पहिल्यापासूनच मोटारीच्या बाजूने झुकलेलं आहे. नकाशावरची लाल रेघ वाहनांचा वेग मंदावल्याचं सांगते. एका माणसाची मोटार आणि साठ माणसांची बस तिला सारखीच. म्हणून लाल रेघेवर उपाय निघतो तो उड्डाणपुलाचा, बसच्या मार्गिकेचा निघत नाही. दर तासाला किती वाहनं गेली हा आकडा काढून टाका आणि किती माणसं गेली हा आकडा घाला. त्याच रस्त्याचं, त्याच डेटाचं म्हणणं फिरेल. आणि पायी चालणारे? 2008च्या मुंबई महानगर वाहतूक अभ्यासात निम्म्याच्या आसपास फेऱ्या पायी होत्या. निम्म्या! पदपथावर कुठलंही जीपीएस नाही, तिकीट नाही, टोल नाही, म्हणून शहरातली सर्वांत मोठी हालचाल पडद्यावर शून्य. तिच्यासाठी माणसं नेमून चौकाचौकांत हाताने मोजणी करावी लागते. ती महाग नाही. तिला झगमगाट नाही, एवढीच तिची अडचण.

बायकांच्या प्रवासाबद्दल माद्रिदच्या अभ्यासक इनेस सांचेस दे मादारियागा यांनी केलेलं काम वाहतुकीच्या प्रत्येक नियोजनकाराने वाचावं. प्रवासाच्या पाहण्यांत ‘काम’ हा एक मोठा खाना असतो. मुलाला शाळेत सोडणं, सासूला दवाखान्यात नेणं, भाजी आणणं, आजारी बहिणीकडे डबा पोहोचवणं हे मात्र खरेदी, भेटीगाठी, वैयक्तिक अशा पाच-सहा खान्यांत विखुरलेलं असतं. त्यांनी ते सगळं ‘काळजीचा प्रवास’ म्हणून एकत्र मोजलं. बेरीज नोकरीच्या प्रवासाच्या जवळ जाऊन पोहोचली. डेटा तोच, फक्त खान्यांची नावं बदलली आणि शहर वेगळं दिसू लागलं. आपल्या एसटीत 17 मार्च 2023पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. सरकारकडून सवलतीची भरपाई घ्यायची तर त्या तिकिटांची वेगळी नोंद ठेवावीच लागते. राज्यातल्या गावागावांतून कुठल्या वेळी, कुठून कुठे बायका जातात याची एवढी मोठी नोंद याआधी कधी झाली नसेल. परिवहन महामंडळाने ती तालुक्यांनुसार आणि तासांनुसार मांडून लोकांसमोर ठेवावी. दुपारी दोनला बाजाराच्या गावाहून परतायला बस आहे का, या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

‘लोकांसमोर ठेवा’ म्हणतो तेव्हा एक पथ्य कडक पाळायला हवं. 2013च्या न्यूयॉर्क टॅक्सीच्या सतरा कोटींहून अधिक फेऱ्या 2014मध्ये माहितीच्या अर्जातून बाहेर आल्या. टॅक्सींचे क्रमांक सांकेतिक केलेले होते; तो संकेत काही तासांत फुटला. टॅक्सीत चढतानाच्या छायाचित्रांशी वेळ आणि जागा जुळवून नामवंत माणसं कुठे उतरली, तेही काढता आलं. त्याच्या आदल्याच वर्षी संशोधक इव्ह-अलेक्सांद्र द माँजुआ आणि सहकाऱ्यांनी पंधरा लाख मोबाइलधारकांची पंधरा महिन्यांची नोंद तपासून दाखवलं होतं की जागा आणि वेळ यांचे केवळ चार ठिपके माहीत असले तर 95 टक्के माणसं एकमेकांपासून वेगळी ओळखता येतात. नाव पुसणं पुरत नाही. एकेकट्याचा माग कधीच प्रसिद्ध करू नये. बेरजा कराव्यात आणि बेरीज फार लहान असेल तर ती झाकावी.

इथेच आखणीतला सर्वांत गंभीर गुन्हा घडतो. झाकलेला खाना पांढरा, मोजलाच नाही तो खाना पांढरा आणि खरोखर शून्य आहे तोही पांढरा. गडचिरोलीतल्या एखाद्या पाड्यावरून दिवसाला सहाच माणसं बाहेर पडतात म्हणून खासगीपणासाठी तो आकडा झाकला, टॉवर नाही म्हणून शेजारचा पाडा मोजलाच नाही, आणि मुंबईत बसलेल्या अधिकाऱ्याला दोन्हीकडे ‘हालचाल नाही’ असं दिसलं. तिथे बस जाणार नाही. शून्याला एक रंग द्या, झाकलेल्याला तिरप्या रेघा द्या, न मोजलेल्यावर ‘मोजलं नाही’ असे शब्द लिहा. याला कुठलंही नवं सॉफ्टवेअर लागत नाही. ही अर्ध्या दिवसाची मेहनत आहे आणि ती न करणाऱ्याचं बिल अडवलं पाहिजे.

हे जमतं, कारण ते जमलेलं आहे. शार्ल मिनार हे फ्रान्सच्या पूल-रस्ते खात्यातले निवृत्त अभियंते. 1869 साली, वयाच्या 88व्या वर्षी त्यांनी नेपोलियनच्या रशिया मोहिमेचा नकाशा काढला. 4 लाख 22 हजार सैनिकांचा जाड पट्टा नेमान नदी ओलांडून मॉस्कोकडे जाताना बारीक होत जातो आणि परतेपर्यंत 10 हजारांचा उरतो. जगभरच्या आलेखशास्त्राच्या वर्गांत हा नकाशा शिकवतात तो पट्ट्यासाठी. मी त्याच्या वरच्या मजकुराकडे बोट दाखवीन. एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार माणसं, हे मिनार यांनी तिथेच लिहिलं. आकडे कोणाच्या ग्रंथांतून, कुठल्या अप्रकाशित रोजनिशीतून घेतले, ते लिहिलं. आणि मधल्या काळात वेगळ्या वाटेने गेलेल्या दोन तुकड्या आपण मुख्य सैन्याबरोबरच चालल्या असं धरलं आहे, हेही लिहिलं. आपण कुठे सोपं केलं, ते चित्राच्या माथ्यावर, सगळ्यांना दिसेल असं. त्या माणसाकडे दगडी छापा होता. आपल्याकडे भिंतभर पडदे आहेत.

निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्यांनो, पुढच्या डॅशबोर्डच्या अटींत किती इंचांचे किती पडदे हे लिहिण्याआधी तीन वाक्यं घाला. हा पडदा पाहून कोणता निर्णय, कोण, किती दिवसांनी घेणार. या डेटात कोण नाही आणि त्यांची मोजणी वेगळी कशी होणार. आणि हा डेटा, माणसांचे माग वगळून, नागरिकांना कोणत्या तारखेपासून मिळणार. दिल्लीने आपल्या बसचा डेटा 2018पासून खुला केला आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शहर बससेवेला ते करायला आज काहीही आडवं येत नाही.

आणि वाचकहो, तुमच्या शहरात असा पडदा लोकांच्या पैशातून लागला असेल तर माहितीच्या अधिकारात एक अर्ज करा. तुमच्या थांब्यावर सकाळी आठ ते दहा या वेळेत दोन बसमधलं सर्वांत मोठं अंतर किती होतं, महिनाभराचं, तारीखवार मागा. बसमध्ये जीपीएस असेल तर हा आकडा त्यांच्याकडे आहे. तो पडद्यावर येईपर्यंत मागत राहा.